मंदी, बेकारी आणि दोन ड्रायव्हर

बेकारी हा अर्थशास्त्राचा विषय आहे आणि साहित्याने फार तर बेकार माणसाचे दुःख रंगवावे, अशी एक वाटणी आपल्या समीक्षेने बिनतक्रार मान्य केलेली आहे. आकडे त्यांनी मांडायचे, अश्रू आपण ढाळायचे. मला ही वाटणीच मुळात संशयास्पद वाटते. कारण आकडा हीसुद्धा एक सांगितलेली गोष्ट असते. तिचा आरंभ कुठे धरायचा, शेवट कुठे करायचा, तिच्यात कोणाला पात्र म्हणून घ्यायचे आणि कोणाला वेशीबाहेर ठेवायचे, हे कोणीतरी ठरवलेले असते. गोष्ट कोण सांगतो आणि कोणाच्या वतीने सांगतो, हा प्रश्न दलित साहित्याने मराठीला विचारायला शिकवले. तोच प्रश्न जगाच्या मंदीच्या आणि मंदीनंतरच्या तथाकथित सुधारणेच्या गोष्टीला विचारावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी मी अमेरिकेतली दोन अरिष्टे घेतो, १९२९ चे आणि २००८ चे. त्यांच्या पार्श्वभूमीवरच्या दोन कादंबऱ्या घेतो: रिचर्ड राईट यांची ‘नेटिव्ह सन’ (१९४०) आणि इम्बोलो एम्बुए यांची ‘बिहोल्ड द ड्रीमर्स’ (२०१६). पहिलीचा लेखक अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीत जन्मलेला काळा माणूस; दुसरीची लेखिका कॅमेरूनमधून अमेरिकेत गेलेली. दोन्ही कादंबऱ्यांचे नायक काळे आहेत आणि दोघेही श्रीमंत गोऱ्या माणसाच्या मोटारीवर ड्रायव्हर आहेत. हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. ड्रायव्हर मालकाच्या इतका जवळ बसतो की त्याला मालकाचे सगळे ऐकू येते. आणि तरीही त्या मोटारीतला तो प्रवासी नसतो.

१

प्रथम २००८ ची सरकारमान्य गोष्ट पाहू. घरांच्या कर्जांवर उभारलेला सट्टा कोसळला. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स या बँकेने दिवाळे जाहीर केले आणि अरिष्ट जगभर पसरले. अमेरिकेत मंदीच्या तारखा ठरवण्याचे काम नॅशनल ब्यूरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च ही संस्था करते. तिच्या निर्णयानुसार ही मंदी डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ मध्ये संपली. संपली म्हणजे उत्पादन पुन्हा वाढू लागले. पण बेकारीचा दर त्यानंतरही चढतच राहिला आणि ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर गेला. या अरिष्टात सुमारे ८७ लाख नोकऱ्या गेल्या. तेवढ्या पुन्हा भरून यायला मे २०१४ उजाडला. म्हणजे भांडवलाची मंदी दीड वर्षात उठली आणि कामगाराची सहा वर्षांहून अधिक काळ चालली. अर्थशास्त्रज्ञांनी याला ‘रोजगाराविना सुधारणा’ असे नाव दिले. सुधारणा आहे आणि रोजगार नाही, तर मग सुधारले काय, असे कोणी विचारले की त्याला अडाणी ठरवले जाते.

युरोपात तर याहून वाईट झाले. बँका वाचवण्यासाठी सरकारांनी कर्जे काढली आणि ती फेडण्यासाठी जनतेच्या तोंडचा घास काढला. २०१३ साली स्पेनमध्ये बेकारी २६ टक्क्यांवर होती, ग्रीसमध्ये २७ टक्क्यांवर. दोन्ही देशांत काम शोधणाऱ्या तरुणांपैकी निम्म्याहून अधिकांच्या हाताला काम नव्हते. त्याच वर्षी जगभरात सुमारे २० कोटी माणसे बेकार असल्याचे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सांगितले. मंदी कागदोपत्री संपून चार वर्षे झाली होती.

पण ही तक्रार कोणताही डावा अर्थतज्ज्ञ करील. माझा मुद्दा याच्या पुढचा आहे. ‘कामगार’ हा शब्द आपण एकसंध मानतो, तो तसा आहे काय?

अमेरिकेत २००७ साली, म्हणजे अरिष्टापूर्वीच्या बऱ्या दिवसांत, गोऱ्यांमधील बेकारीचे प्रमाण ४.१ टक्के होते आणि काळ्यांमधील ८.३ टक्के. अरिष्टाच्या भरात गोऱ्यांची बेकारी ९.२ टक्क्यांपर्यंत पोचली, काळ्यांची मार्च २०१० मध्ये १६.८ टक्क्यांपर्यंत. हे चार आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. गोऱ्यांना अरिष्टाच्या तळाशी जी बेकारी भोगावी लागली, जवळजवळ तेवढी बेकारी काळ्यांच्या वाट्याला सुबत्तेच्या काळात होती. ज्या दिवसांना सारा देश महासंकट म्हणून कपाळाला हात लावून बसला, ते दिवस काळ्या वस्तीत नेहमीचेच होते. त्यांच्यावर कोणी अग्रलेख लिहिला नव्हता. मग ‘परिस्थिती पूर्ववत झाली’ या वाक्याचा काळ्या कामगाराने काय अर्थ घ्यावा? पूर्ववत होणे म्हणजे त्याच्यासाठी दुप्पट बेकारीकडे परत जाणे. काळ्यांचा दर दहा टक्क्यांच्या खाली टिकून राहू लागला तो २०१५ साली.

आणि हाही आकडा पुरता खरा नाही. मागच्या चार आठवड्यांत ज्याने काम शोधण्याची खटपट केली तोच सरकारी व्याख्येत बेकार. हताश होऊन ज्याने शोधणे सोडले तो बेकार नाही. तो मोजणीतच नाही. तुरुंगातला माणूसही मोजणीत नाही. २००८ साली अमेरिकेच्या तुरुंगांत सुमारे २३ लाख माणसे होती आणि त्यांत काळ्यांचे प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या प्रमाणाच्या जवळजवळ तिप्पट होते. काळ्या तरुणांना कोंडून ठेवल्याने बेकारीचा आकडा खाली येतो, असा हा हिशेब आहे. शिरगणतीत कोणाला धरायचे आणि कोणाला वगळायचे यातच सत्ता असते, हे आपल्याला नव्याने शिकवण्याची गरज नाही.

२

१९२९ च्या अरिष्टावरची सर्वांत गाजलेली कादंबरी म्हणजे जॉन स्टाइनबेक यांची ‘द ग्रेप्स ऑफ राथ’ (१९३९). ती मोठी आहे, तिची करुणा खरी आहे, आणि भांडवलशाही बेकारीचा उपयोग कसा करून घेते हे तिच्याइतके स्वच्छ कोणी दाखवलेले नाही. फळबागांचे मालक हवे त्याच्या कितीतरी पट मजुरांना पत्रके छापून बोलावतात, ती भुकेली माणसे एकमेकांच्या मजुरीवर बोली लावतात आणि मजुरी मातीमोल होते. हे गणित आपल्या ऊसतोड्यालाही कळेल. पण या कादंबरीचा सारा डोलारा पडझडीच्या कल्पनेवर उभा आहे. जोड कुटुंब ओक्लाहोमातले जमीन कसणारे गोरे कुटुंब आहे. ते जमिनीवरून उठते आणि रस्त्यावर येते. वाचकाचे हृदय हलते ते या पडण्यामुळे. कॅलिफोर्नियाच्या त्याच मळ्यांत जोड कुटुंबाच्या आधी मेक्सिकन आणि फिलिपिनो मजूर राबत होते, आणि मंदीच्या त्याच वर्षांत मेक्सिकन वंशाच्या लाखो माणसांना, त्यांत कित्येक जन्माने अमेरिकन असताना, सीमेपलीकडे घालवण्यात आले. त्यांना या कादंबरीत जवळजवळ जागा नाही. पडायला आधी वर असावे लागते. जो कधी वर नव्हताच, त्याची मंदी कशी सांगायची, हा प्रश्न स्टाइनबेक यांच्यापुढे उभा राहिला नाही.

तो राईट यांच्यापुढे उभा राहिला. ‘नेटिव्ह सन’चा नायक बिगर थॉमस वीस वर्षांचा आहे. शिकागोच्या दक्षिण भागात, काळ्यांच्या वस्तीत, आई, भाऊ, बहीण आणि तो अशी चार माणसे एका खोलीत राहतात. कादंबरी सुरू होते ती खोलीत शिरलेल्या उंदराला मारण्याने. बिगरची पडझड झालेली नाही. तो जिथे जन्मला तिथेच उभा आहे. दोस्ताबरोबर भिंतीला टेकून तो वर विमान पाहतो. विमान चालवायला शिकावे असे त्याला वाटते, पण ती शाळा त्याच्यासाठी नाही. मग ही पोरे ‘गोरे गोरे’ असा खेळ खेळतात. कोणी सेनापती होतो, कोणी राष्ट्राध्यक्ष, आणि कोणी बडा बँकवाला मॉर्गन होऊन खोट्या फोनवर शेअर विकण्याचे हुकूम सोडतो. ज्या शेअरबाजाराने जगाला रस्त्यावर आणले त्याची नक्कल रस्त्यावरची बेकार पोरे करीत आहेत. हसता हसता त्यांचे हसणे आंबट होत जाते. मंदीच्या अर्थशास्त्रावरचे हे भाष्य मला कित्येक प्रबंधांहून मोलाचे वाटते.

बिगरला नोकरी मिळते ती मदत-कचेरीमार्फत. डाल्टन नावाच्या धनिकाकडे ड्रायव्हरची जागा आहे. ही नोकरी नाकारली तर घरच्यांची सरकारी मदत बंद होईल, असे आई त्याला बजावते. म्हणजे बेकाराला काम मिळाले, आकडा एकाने घटला. पण हे काम त्याने निवडलेले नाही, भुकेचा चाबूक दाखवून ते त्याच्यावर लादले आहे. आणि हा डाल्टन कोण? तो काळ्यांच्या शिक्षणासाठी देणग्या देतो, काळ्या मुलांच्या क्लबाला टेबल-टेनिसची टेबले देतो. आणि बिगरची उंदरांची खोली ज्या कंपनीच्या मालकीची आहे, तिच्यात सत्ता त्याचीच आहे. काळ्यांनी शहराच्या एका पट्ट्यातच राहायचे, म्हणून त्यांच्याकडून भाडेही चढे घ्यायचे. त्या भाड्यातून दानधर्म. आपल्याकडच्या हरिजनोद्धाराचे अंतरंग ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना डाल्टनची ओळख करून देण्याची गरज नाही.

राईट यांनी जे कथेत दाखवले, ते त्या काळच्या कायद्यांतही लिहिलेले होते. १९३३ च्या शेतीविषयक कायद्याने कापसाचा पेरा कमी करण्यासाठी जमीनमालकांना पैसे दिले. मालकांनी पैसे घेतले आणि जमीन कसणाऱ्या वाटेकऱ्यांना, त्यांत काळ्यांना आणि गरीब गोऱ्यांनाही, हाकलून दिले. १९३५ साली सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. म्हातारपणी निवृत्तिवेतन आणि बेकारीत भत्ता देणारा हा कायदा म्हणून त्याचे पोवाडे आजही गायिले जातात. पण त्यातून दोन प्रकारचे कामगार वगळण्यात आले: शेतमजूर आणि घरकाम करणारे. त्या वेळी काळ्या कामगारांपैकी सुमारे दोन तृतीयांश याच दोन कामांत होते. कायद्यात ‘काळा’ हा शब्द कुठेही नाही. शब्द न उच्चारता माणूस बाहेर ठेवण्याची ही विद्या आपल्या देशात फार जुनी आहे. कामगारांना संघटनेचा हक्क देणारा त्याच वर्षीचा कायदा आणि किमान वेतनाचा १९३८ चा कायदा, दोन्हींनी हेच दोन अपवाद ठेवले. राष्ट्राच्या सुधारणेचा पाया असा घातला गेला.

मात्र राईट यांच्याकडूनही एक गोष्ट निसटली आहे आणि ती मी सोडून देऊ इच्छित नाही. बिगरची मैत्रीण बेसी ही गोऱ्यांच्या घरी राबते. सबंध कादंबरीत तीच अशी आहे की जिला काम आहे आणि फुरसत नाही. तिचे थकणे, तिचे पिणे, तिचे रडणे दोन-चार पानांत येते आणि बिगर तिचा खून करतो. कोर्टात तिचे प्रेत आणले जाते ते केवळ डाल्टनच्या मुलीच्या मृत्यूचा पुरावा म्हणून. गोऱ्या न्यायाला बेसीच्या मरणाची किंमत नाही, हे राईट दाखवतात. पण बिगरच्या मनाला जेवढी पाने मिळाली त्याच्या शतांशही तिच्या मनाला मिळत नाहीत. १९३५ च्या कायद्याने वगळलेली घरकामवाली ती हीच. कायद्याने तिला भत्त्यातून वगळले आणि विद्रोहाच्या कादंबरीने नायकत्वातून. विद्रोह पुरुषाचा आणि त्याची किंमत बाईने मोजायची, हा हिशेब आपल्याही लेखनात शिल्लक आहे.

३

आता दुसरा ड्रायव्हर. ‘बिहोल्ड द ड्रीमर्स’मधला जेंडे जोंगा कॅमेरूनमधील लिंबे या गावाहून न्यूयॉर्कला आला आहे. कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात तो लेहमन ब्रदर्सच्या कचेरीत, त्या बँकेतला बडा अधिकारी क्लार्क एडवर्ड्स याच्यापुढे मुलाखतीला बसलेला दिसतो. बिगरच्या मनात मालकाविषयी भीती आणि द्वेष आहे. जेंडेच्या मनात कृतज्ञता आणि भक्ती आहे. सत्तर वर्षांनी आलेला हा फरक प्रगतीचा म्हणायचा काय? मला तसे वाटत नाही. बिगर त्या देशाचा नागरिक आहे. त्याला घालवून देता येत नाही, फार तर मारता येते. जेंडेचे कागदपत्र पक्के नाहीत. त्याला नुसते परत पाठवता येते. कृतज्ञता ही इथे स्वभावाची नव्हे, परवान्याची बाब आहे.

मोटार चालवताना जेंडेला मागच्या सीटवरचे फोन ऐकू येतात. बँक आतून पोखरली आहे याचा सुगावा ठेवीदारांच्या आधी ड्रायव्हरला लागतो. पण त्या माहितीचा त्याला काही उपयोग नाही, कारण त्याच्याकडे विकायला शेअर नाहीत. पुढे लेहमन बुडते. आणि इथे एम्बुए यांनी एक अचूक गोष्ट केली आहे. बँक बुडाली म्हणून जेंडेची नोकरी जात नाही. क्लार्कला दुसरी नोकरी मिळते आणि ड्रायव्हरची गरज राहते. जेंडेची नोकरी जाते ती नंतर, मालक आणि मालकीण यांच्या संसारातल्या कलहात. मालकिणीला तो नकोसा होतो, मालक त्याला काढतो. आता ही बेकारी कोणत्या खात्यावर टाकायची? मंदीचा बळी म्हणून तिची नोंद कुठे होणार नाही. पण मंदीच्या दिवसांत दुसरी तशी नोकरी नाही, म्हणून तोच माणूस दोन हॉटेलांत भांडी घासतो आणि त्याची पाठ कामातून जाते. आकड्यांच्या भाषेत तो बेकार नाहीच. त्याला एक सोडून दोन नोकऱ्या आहेत. सुधारणेच्या तक्त्यात तो दोनदा मोजला जाऊ शकतो.

त्याची बायको नेनी औषधशास्त्र शिकून फार्मसिस्ट होऊ पाहते. आजारी माणसांची शुश्रूषा करून, उन्हाळ्यात एडवर्ड्सच्याच बंगल्यावर मोलकरीण म्हणून राबून ती पैसे जमवते. नवऱ्याचे काम गेल्यावर घरात पहिली कुऱ्हाड पडते ती तिच्या शिक्षणावर; आणि पुढे त्याचा हातही तिच्यावर उठतो. राईट यांनी बेसीला जे दिले नाही ते एम्बुए यांनी नेनीला दिले आहे: स्वतःचा हट्ट, स्वतःचे लबाडीचे क्षणसुद्धा. मालकिणीच्या दुर्बळ अवस्थेचे छायाचित्र दाखवून ती तिच्याकडून दहा हजार डॉलर उकळते. सभ्य वाचकाला हे आवडणार नाही. मला ते प्रामाणिक वाटले. गरिबाने नेहमी पवित्रच असावे, ही अट गरिबांनी घातलेली नाही.

कादंबरीच्या शेवटावर मात्र माझा आक्षेप आहे. जेंडे कुटुंबासह लिंबेला परततो आणि गाठीचे डॉलर तिथल्या चलनात मोठी रक्कम ठरतात. म्हणजे सुटका मिळाली ती विनिमयदरातून. क्लार्कशी निरोपाची भेट सौजन्याने होते. राईट यांनी डाल्टनच्या दानशूरपणाचा बुरखा फाडला. एम्बुए क्लार्कला एक दुःखी, भला गृहस्थ म्हणून सोडून देतात. लाखोंची घरे आणि नोकऱ्या घेऊन बुडालेल्या संस्थेचा अधिकारी स्वभावाने भला असेलही. प्रश्न त्याच्या स्वभावाचा नाहीच. व्यवस्था भल्या माणसांकडूनच आपली कामे करून घेते, हे राईट यांना १९४० साली कळले होते, आणि २०१६ साली ते विसरले गेले याचे मला वाईट वाटते.

४

या ठिकाणी माझे मार्क्सवादी मित्र विचारतील की काळा आणि गोरा अशी फाळणी करून तुम्ही कामगारवर्ग फोडत नाही काय? आक्षेप गंभीर आहे. १९३४ साली आर्कान्सामध्ये काळ्या आणि गोऱ्या वाटेकऱ्यांनी मिळून एकच संघटना उभारली होती, हे मी विसरलेलो नाही. पण ती एकजूट टिकाऊ व्हायची असेल तर आधी फाळणी कुठे आहे ते मान्य करावे लागते. काळ्या कामगाराला सर्वांत शेवटी घ्यायचे आणि सर्वांत आधी काढायचे, हा तिथल्या कारखान्यांचा अनुभव मालकांनी एकट्याने घडवलेला नाही. काळ्यांना दार बंद करणाऱ्या युनियनांचाही त्यात हात होता.

आपल्या देशातही हेच घडले. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगार कताईच्या रिंग खात्यात चालत, पण अधिक पगाराचे विणकाम खाते त्यांना बंद होते. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा स्पृश्य विणकराला चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. त्याच भाषणात त्यांनी दाखवून दिले की अस्पृश्याला रेल्वेत गँगमन होता येते, पण पोर्टर होता येत नाही. कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो आणि घरात अस्पृश्य चालत नाही. बेकारी ही नुसती कामांची टंचाई नव्हे. कोणते काम कोणाला उघडे आहे याची ती उतरंड आहे, हे बाबासाहेबांनी तेव्हाच मांडले होते. १९६६ साली ब्लॅक पँथरने आपल्या दहा कलमांत दुसरे कलम पूर्ण रोजगाराचे ठेवले. त्या चळवळीचे नाव १९७२ साली मुंबईत आपण घेतले. नाव घेतले, हे योग्यच केले. त्या दुसऱ्या कलमाचे काय केले, याचा विचार व्हायला हवा.

कारण आपल्याकडेही एक अरिष्ट येऊन गेले. १९९१ साली परकीय चलन संपत आले, देशाचे सोने गहाण पडले आणि नवे आर्थिक धोरण आले. त्यानंतरच्या भरभराटीचे वर्णन रोज ऐकू येते. संघटित सार्वजनिक क्षेत्रातल्या नोकऱ्या १९९७ च्या सुमारास १ कोटी ९५ लाख होत्या. २०१२ पर्यंत त्या १ कोटी ७६ लाखांवर आल्या. आरक्षण कायद्यात शाबूत राहिले. ज्या जागांवर ते चालते त्या जागाच आटत गेल्या. अमेरिकेतही २००९ नंतर खाजगी नोकऱ्या सावरू लागल्या तेव्हा राज्यांनी आणि नगरपालिकांनी काटकसरीच्या नावाखाली नोकरकपात केली, आणि काळ्या नोकरदारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा सरकारी नोकरीत असल्याने तो घाव त्यांना अधिक लागला. ज्याने बँकेत कधी सट्टा केला नाही, त्या शिक्षकाने आणि टपालवाल्याने बँकेची भरपाई केली.

आणि खाजगी क्षेत्राच्या दारावर काय चालते? अमेरिकेत बर्ट्रांड आणि मुल्लइनाथन या संशोधकांनी बोस्टन आणि शिकागोत सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. एमिली आणि ग्रेग अशा गोऱ्या वळणाच्या नावांना लकिशा आणि जमाल या नावांपेक्षा निम्म्याने अधिक बोलावणी आली. हा अभ्यास २००४ चा. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी भारतातल्या खाजगी कंपन्यांबाबत तसाच प्रयोग प्रसिद्ध केला. दलित नावाच्या उमेदवाराला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश भरली. दोन्ही अभ्यास मंदीच्या आधीचे, बऱ्या दिवसांतले आहेत.

५

शेवटी आपल्या साहित्याकडे येतो. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतल्या नायकाला रेल्वेत नोकरी लागते. काम मिळाले, पगार मिळाला, पण राहायला खोली मिळवण्यासाठी त्याला जात लपवावी लागते आणि ती उघड होताच मार खावा लागतो. नोकरी लागल्याने प्रश्न संपत नाही, तो दुसऱ्या जागी उभा राहतो, हे बागुलांनी इतक्या आधी लिहून ठेवले. पुढे आत्मकथनांची मोठी लाट आली. तिचे मोल मी कमी लेखत नाही. पण तिच्यातल्या बऱ्याच लेखनाचा आलेख एकच आहे: वस्ती, शाळा, वसतिगृह आणि मग नोकरी. नोकरी ही सुटकेची जागा झाली. जोड कुटुंबाची गोष्ट वरून खाली जाते, आपली खालून वर जाते. पण दोन्ही गोष्टींना एक शिडी शाबूत असावी लागते. १९९१ नंतर ती शिडी मोडत गेली आणि आपले कथन मात्र जुन्याच पायऱ्या मोजत राहिले.

ज्याला शिडीच नाही त्याची गोष्ट कोण लिहिणार? मुंबई महापालिकेच्या कचरा वाहतुकीच्या कामावरील २७०० कंत्राटी कामगारांना कायम करावे, असा निर्णय २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडल्यावर मिळाला. वर्षानुवर्षे ते महापालिकेचे काम करीत होते आणि कागदावर महापालिकेचे कामगार नव्हते. सफाईच्या कंत्राटात कोणत्या जातीची माणसे असतात हे सांगायला नको. तिथे न लिहिलेले आरक्षण पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. हा माणूस बेकार नाही आणि नोकरदारही नाही. पदवी घेऊन सहा सहा वर्षे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत बसणारा आपला तरुण, तासिका तत्त्वावर शिकवणारा पंचेचाळिशीतला प्राध्यापक, ही माणसेही अशीच कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. आपल्या नियतकालिकांत यांच्यावर ठराव येतात, निवेदने येतात. कथा फार थोड्या येतात.

मला असे म्हणायचे नाही की साहित्यिकाने अर्थतज्ज्ञ व्हावे. राईट यांनी एकही आकडा दिला नाही. मदत-कचेरीची चिठ्ठी, घरभाडे आणि टेबल-टेनिसचे टेबल एवढ्यावर त्यांनी सबंध अर्थव्यवस्था उभी केली. आपल्या लेखकाकडेही ही सामग्री आहे: कंत्राटदाराचे हजेरीपत्रक, अकराव्या महिन्यातला कामाचा खंड, भविष्यनिर्वाह निधीची न भरलेली रक्कम, मुलाखतीच्या टेबलावर थांबून आडनाव विचारणारा तो प्रश्न. यांना साहित्याबाहेरचे समजण्याची सवय आपण परक्यांकडून उचलली आहे, ती टाकली पाहिजे. आणि समीक्षकानेही ‘वेदना आणि विद्रोह’ या दोन मापांनी प्रत्येक कलाकृती मोजण्याचे थांबवून विचारायला हवे की या कृतीत कोणाचे श्रम दिसतात, कोणाचे झाकले जातात, आणि बेसी कुठे आहे.

पुढची मंदी येईल आणि उठेलही. ती उठल्याची तारीख कोणीतरी जाहीर करील. त्या दिवशी आपल्या वस्तीत काय चालले होते याची नोंद कोणत्याही ब्यूरोकडे असणार नाही. ती आपल्याकडे असली पाहिजे.